स्फोट आणि भेग : गॅलसिटच्या इतिहासातले एक प्रकरण

गॅलसिटच्या शंभर वर्षांचा विषय निघाला की बोलणे विमानांकडे आणि रॉकेटांकडे वळते, आणि ते साहजिकच आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला, म्हणजे कॅलटेकला, डॅनिएल गुगेनहाइम निधीने १९२६ मध्ये सुमारे तीन लाख डॉलर दिले. त्यातून पॅसाडीना इथे वैमानिकीची प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिच्या लांबलचक नावातल्या आद्याक्षरांवरून तिला गॅलसिट म्हणू लागले. तिथल्या दहा फुटी वातविवरात डग्लस कंपनीच्या विमानांची प्रतिरूपे तपासली गेली. तिथल्याच विद्यार्थ्यांच्या रॉकेटवेडातून जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी जन्माला आली. या स्मरणिकेत त्या कहाण्या येतीलच. मला इथे त्याच संस्थेच्या एका कमी परिचित कामाचा इतिहास मांडायचा आहे. स्फोटाचा दाब पडल्यावर भेग कशी सुटते, किती वेगाने धावते, कुठे वळते आणि कधी थांबते, याचा तिथे पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास झाला आहे.

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण तो दोन शास्त्रांच्या हद्दीवर उभा आहे. स्फोट वायूत होतो, भेग धातूत पडते. वायूचा अभ्यास करणारा नळीची भिंत अभेद्य धरून चालतो. धातूचा अभ्यास करणारा दाब ठरावीक आणि स्थिर मानून गणित मांडतो. प्रत्यक्षात भिंत फाटू लागली की वायू बाहेर पडतो, दाब बदलतो, आणि बदललेला दाब भेगेचा पुढचा रस्ता ठरवतो. दोघांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय हे कोडे सुटत नाही. गॅलसिटमध्ये द्रव-वायूंचे अभ्यासक आणि घन पदार्थांचे अभ्यासक पहिल्यापासून एकाच विभागात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसत आले. या कामात संस्थेला जे यश मिळाले त्याचे सर्वांत मोठे कारण मला हेच वाटते.

थिओडोर फॉन कार्मान हे जर्मनीतल्या आखेनहून आले आणि १९३० मध्ये प्रयोगशाळेचे संचालक झाले. सहा वर्षांनी फ्रँक मलिना हा त्यांचा विद्यार्थी, जॅक पार्सन्स आणि एड फोरमन या दोन स्वयंशिक्षित रॉकेटवेड्यांना घेऊन रॉकेटवर काम करायची परवानगी मागायला आला. त्या काळात रॉकेट हा शब्द प्रतिष्ठित प्राध्यापक उच्चारतही नसत. कार्मान यांनी परवानगी दिली. ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी या मंडळींनी आरोयो सेको या कोरड्या नदीपात्रात पहिली चाचणी घेतली. पुढे गुगेनहाइम इमारतीतच त्यांनी एक लहान रॉकेट मोटर लंबकाला टांगून चालवून पाहिली. ती नीट पेटली नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि अल्कोहोलचा ढग इमारतभर पसरला आणि आजूबाजूच्या महागड्या उपकरणांवर गंज चढला. गटाची रवानगी इमारतीबाहेर झाली आणि ‘सुइसाइड स्क्वॉड’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

त्यानंतरचा एक स्फोट मलिना यांनी आठवणींत नोंदवला आहे. ऑक्सिजन आणि एथिलीन या वायूंवर चालणारे उपकरण फुटले. कार्मान यांना घरी टंकलेखन यंत्र हवे होते, ते पोहोचवायला मलिना गेले होते. परत येऊन पाहतात तो दाबमापकाचा एक तुकडा, एरवी ते ज्या जागी उभे असत तिथे, डोक्याच्या उंचीवर जाऊन रुतला होता. एथिलीन आणि ऑक्सिजन ही जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी. साठेक वर्षांनी त्याच संस्थेत तिचाच स्फोट मुद्दाम, मोजूनमापून आणि पुन्हा पुन्हा घडवला गेला.

स्फोट आणि भेग यांची गाठ इथे पहिल्यांदा पडली ती मात्र उलट्या दिशेने. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला लष्कराला जड विमाने आखूड धावपट्टीवरून उडवायची होती आणि त्यासाठी विमानाला घन इंधनाची छोटी रॉकेटे जोडायचे ठरले. पार्सन्स यांनी दारूची भुकटी दाबून काडतुसे बनवली. ऑगस्ट १९४१ मध्ये मार्च फील्ड इथे लेफ्टनंट होमर बूशी यांनी ती लावलेले एरकूप विमान यशस्वीपणे उडवले. ताजी काडतुसे चालत होती. काही दिवस साठवलेली काडतुसे मात्र फुटत होती. थंडी-उन्हाच्या चढउतारात इंधनाच्या कांडीला तडे जात आणि ती कवचापासून सुटत असे. घन इंधन जळते ते पृष्ठभागावरून. आत तडा गेला की जळणारे क्षेत्रफळ एकदम वाढते. ज्योत तड्यात शिरते, वायू बेसुमार तयार होतो, नळकांड्याला तो दाब पेलत नाही. केसाएवढ्या भेगेतून अख्ख्या मोटरचा स्फोट होतो.

पार्सन्स यांनी १९४२ मध्ये डांबर वितळवून त्यात पोटॅशियम परक्लोरेट मिसळले आणि हे मिश्रण साच्यात ओतले. डांबर किंचित लवचीक असल्यामुळे ते तडकत नव्हते. घन इंधनाच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे. डांबर कडक उन्हात पाघळे आणि कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होई, म्हणून पुढे त्याची जागा रबरासारख्या पदार्थांनी घेतली. पण अशा मऊ, चिवट पदार्थात भेग नेमकी कधी आणि कशी वाढते हा प्रश्न उरलाच. अवकाशयुग सुरू झाले तेव्हा मोटरी अवाढव्य झाल्या आणि तो प्रश्न कोट्यवधी डॉलरांचा झाला.

त्याला हात घातला मॅक्स विल्यम्स यांनी. गॅलसिटच्या घन पदार्थांच्या शाखेतले हे प्राध्यापक. भेगेच्या टोकापाशी ताण किती असतो हे त्यांनी १९५७ च्या लेखात गणिताने मांडले. टोकाच्या जितके जवळ जावे तितका ताण वाढत जातो, आणि तो अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. कापडवाला ठाणातले कापड फाडण्याआधी काठाला कात्रीने एक छोटा काप देतो. मग सगळ्या हाताचे बळ त्या कापाच्या टोकाशी एकवटते आणि कापड सरळ फाटत जाते. विल्यम्स यांनी त्या एकवटण्याचे नेमके सूत्र दिले. त्याच वर्षी जॉर्ज अर्विन हेही स्वतंत्रपणे त्याच जागी पोहोचले होते आणि आजचे भंगशास्त्र या दोघांच्या पायावर उभे आहे. विल्यम्स १९६५ मध्ये युटा विद्यापीठात गेले. त्याच वर्षी त्यांनी फक्त भेगांच्या शास्त्राला वाहिलेले आंतरराष्ट्रीय नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते, आणि या लेखात पुढे येणारे काही काम त्यातच छापून आले.

विल्यम्स यांचे विद्यार्थी वुल्फगांग नाउस १९६३ मध्ये कॅलटेकमधून पीएच.डी. झाले आणि तिथेच राहिले. घन इंधनातल्या भेगांपासूनच त्यांची सुरुवात झाली. त्यांच्या हाताखाली कृष्णस्वामी रविचंदर या भारतीय विद्यार्थ्याने १९८० च्या सुमाराला जे प्रयोग केले, ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे प्रयोग वाटतात. त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे.

धावती भेग मोजणाऱ्यापुढे पहिली अडचण असते ती भार देण्याची. पट्टी यंत्रात धरून ताणली तर ताण हळूहळू चढतो आणि भेग केव्हा सुटेल ते सांगता येत नाही. प्रत्यक्ष स्फोटक वापरले तर दाब एकदम येतो, पण दर वेळी तो वेगळा असतो, शिवाय धूर आणि ठिकऱ्या कॅमेऱ्याच्या आड येतात. रविचंदर आणि नाउस यांनी स्फोटाचा दाब विजेकडून मिळवला. होमलाइट-१०० नावाच्या पारदर्शक, ठिसूळ प्लास्टिकची मोठी पाटी घ्यायची. तिच्यात एका बाजूने फट कापायची. तांब्याची पातळ पट्टी दुमडून, दोन पदरांमध्ये विद्युतरोधक घालून, ती फटीत बसवायची. मग कपॅसिटरांत साठवलेली वीज एका झटक्यात पट्टीतून सोडायची. दोन पदरांतून प्रवाह उलट दिशांना जातो, म्हणून पदर एकमेकांना दूर ढकलतात आणि फटीच्या दोन्ही भिंतींवर सारखा दाब पडतो. हा दाब सुमारे २५ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या चाळीस हजाराव्या भागात, पूर्ण चढतो. धूर नाही, ठिकऱ्या नाहीत, आणि प्रत्येक वेळी दाब हवा तेवढाच. पाटी मुद्दाम मोठी घ्यायची, म्हणजे कडांवर आपटून परतणारे तरंग भेगेपर्यंत यायच्या आत मोजमाप उरकते.

दुसरी अडचण पाहण्याची. जर्मनीत क्रांत्स आणि शार्डिन यांनी १९२९ मध्ये ठिणग्यांच्या उजेडात अतिवेगवान छायाचित्रे घेणारा कॅमेरा बनवला होता आणि शार्डिन यांनी काचेतली भेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावते हे मोजून दाखवले होते. त्याच परंपरेतल्या फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत मानोग यांनी १९६४ मध्ये छायेची पद्धत शोधली. भेगेच्या टोकापाशी ताणामुळे पाटीची जाडी किंचित कमी होते. तिथून जाणारा प्रकाश वळतो आणि पडद्यावर टोकाच्या जागी काळा ठिपका दिसतो. ठिपका जितका मोठा, तितका टोकाशी एकवटलेला ताण जास्त. म्हणजे एकाच छायाचित्रातून भेग कुठे पोहोचली तेही कळते आणि तिच्या टोकाशी किती ओढ आहे तेही कळते. पॅसाडीनात हीच पद्धत वापरली गेली.

निष्कर्ष १९८४ मध्ये चार लेखांच्या मालिकेत आले आणि त्यांनी खळबळ उडवली. तोवर समजूत अशी होती की टोकाशी ताण वाढला की भेगेचा वेग वाढतो आणि प्रत्येक ताणाला एक ठरावीक वेग असतो. रविचंदर यांच्या छायाचित्रांत भेग सुटताक्षणी एक वेग पकडत होती आणि ताण वाढत गेला तरी तोच वेग धरून धावत होती. सिद्धांताप्रमाणे भेगेला पदार्थाच्या पृष्ठतरंगांच्या वेगापर्यंत, म्हणजे रॅली वेगापर्यंत, पोहोचता यायला हवे. ती त्याच्या निम्म्यापर्यंतही जात नव्हती. मग वाढीव ऊर्जा जाते कुठे? त्यांनी तुटलेले पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सुरुवातीचा भाग आरशासारखा गुळगुळीत होता, पुढे तो धुकट होत गेला आणि शेवटी खडबडीत झाला. भेगेच्या पुढे, अजून न फुटलेल्या पदार्थात, बारीक बारीक तडे आधीच उघडत होते. भेगेचे टोक एक नव्हतेच. ते असंख्य सूक्ष्म तड्यांचे टोळके होते आणि ऊर्जा त्या सगळ्यांत वाटली जात होती. टोळके फार दाट झाले की त्यातले काही तडे तिरपे निघतात आणि भेगेला फाटे फुटतात. तडकलेल्या काचेवरची जाळी कुठून येते याचे इतके समाधानकारक उत्तर त्याआधी कोणी दिले नव्हते. रविचंदर पुढे टेक्सास विद्यापीठात गेले आणि गतिमान भंगावरचे त्यांचे पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतरचा टप्पा एरिस रोझाकिस यांचा. ते १९८२ मध्ये ब्राउन विद्यापीठातून आले. त्यांच्या गटाने होमलाइटच्या दोन पाट्या चिकटवून मधल्या जोडावर भेग सोडली आणि वायूच्या तोफेने गोळा मारून तिला घसरवणारा भार दिला. १९९९ मध्ये त्यांनी, ओमप्रकाश समुद्राला आणि डेमिरकान चोकेर यांच्यासह, आडव्या तरंगांपेक्षाही वेगाने धावणाऱ्या भेगा प्रत्यक्ष दाखवल्या. स्वनातीत विमानामागे दिसतो तसा तिरका तरंग छायाचित्रात स्पष्ट उमटला होता. मग भूकंपशास्त्रज्ञ हिरोओ कानामोरी त्यांच्या सोबतीला आले. पाट्या एकमेकींवर दाबून ठेवायच्या, मधल्या फटीला प्रस्तरभंग मानायचे आणि तिच्यात बसवलेल्या अगदी बारीक तारेतून विजेचा जोरदार झटका सोडायचा. तार क्षणात वाफ होऊन फुटते, त्या जागचा दाब सुटतो आणि पाट्या घसरू लागतात. हा हाताएवढा भूकंप. काही अंतर धावल्यावर तो अचानक वेग वाढवतो आणि आडव्या तरंगांना मागे टाकतो, हे २००४ मध्ये जाहीर झाले. अलास्कातला २००२ चा डेनाली भूकंप तेव्हा ताजा होता आणि त्यातही हाच प्रकार झाल्याच्या खुणा सापडल्या होत्या.

आतापर्यंतच्या या कामात स्फोटाची जागा वीज, गोळा किंवा तार घेत होती. खऱ्या वायुस्फोटाला पुन्हा गॅलसिटच्या छपराखाली आणले ते जोसेफ शेफर्ड यांनी. कॅलटेकचेच पीएच.डी. असलेले शेफर्ड १९९३ मध्ये परतले आणि त्यांनी स्फोटगतिकीची प्रयोगशाळा उभी केली. तिचे मुख्य साधन म्हणजे २८० मिलिमीटर आतल्या व्यासाची आणि ७.३ मीटर लांबीची स्फोटनलिका.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. वायूचे मिश्रण दोन प्रकारे पेटते. साधी ज्योत सेकंदाला काही मीटर वेगाने सरकते. पण बंद नळीत, अडथळ्यांवरून जाताना ती खवळत, वेग घेत जाते आणि अनुकूल स्थितीत एका क्षणी आघाततरंग आणि ज्वलन एकमेकांना जखडून एकत्र धावू लागतात. यालाच डेटोनेशन म्हणतात. एथिलीन-ऑक्सिजनमध्ये ते सेकंदाला दोन किलोमीटरहून जास्त वेगाने जाते आणि वाटेतला दाब एका उडीत पंधरा-वीस नव्हे, तीसपटींच्या घरात नेऊन ठेवतो.

शेफर्ड यांचे काम अमेरिकेत चर्चेत आले ते एका अपघातामुळे. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग ७४७ विमान समुद्रावर फुटले आणि २३० माणसे मृत्युमुखी पडली. तपास मंडळाने विमानाच्या इंधनाच्या वाफा कोणत्या तापमानाला, किती ठिणगीने पेटतात आणि किती दाब निर्माण करतात हे मोजायचे काम कॅलटेककडे सोपवले. चार वर्षांच्या तपासानंतर मंडळाने मधल्या पंख-टाकीतल्या वाफांचा स्फोट हे कारण नोंदवले. टाकीत निष्क्रिय वायू भरून ज्वलनशीलता कमी करण्याची सक्ती करणारा नियम अमेरिकेच्या हवाई खात्याने २००८ मध्ये काढला. आज मोठ्या प्रवासी विमानांत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेत पॅसाडीनातल्या त्या मोजमापांचा वाटा आहे.

भेगांचा थेट अभ्यास सुरू झाला तो नळ्यांपासून. डेटोनेशनवर चालणाऱ्या नव्या इंजिनांची तेव्हा चर्चा होती. अशा इंजिनाची नळी सेकंदाला कित्येक वेळा आतून स्फोट सोसणार, तर ती टिकेल किती? शेफर्ड यांनी आधी न फुटणाऱ्या नळ्यांचा अभ्यास केला. दाब हळूहळू चढवला तर भिंतीवर किती ताण येतो हे कोणताही अभियंता सांगू शकतो. तोच दाब एकदम पडला तर भिंत झोक्याने पलीकडे जाते आणि ताण साधारण दुप्पट होतो. धावत्या दाबाची गोष्ट याहून वेगळी निघाली. नळीच्या भिंतीतही वाकण्याचे तरंग धावत असतात. डेटोनेशनचा वेग त्या तरंगांच्या एका विशिष्ट वेगाशी जुळला की तरंगांची ऊर्जा पुढे निसटत नाही, स्फोटाबरोबर साचत जाते आणि ताण चौपटीपर्यंत जाऊ शकतो. केवळ दाबमापकावरचा आकडा पाहून नळीची जाडी ठरवणाऱ्याला हा धोका दिसत नाही.

मग टॉंग वा चाओ या विद्यार्थ्याने नळ्या मुद्दाम फाडायला घेतल्या. २००४ मध्ये पूर्ण झालेला त्याचा प्रबंध म्हणजे या प्रकरणाचा गाभा. विमानांत वापरतात त्या ६०६१-टी६ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या नळ्या घेतल्या. प्रत्येकीच्या बाहेरच्या अंगाला, लांबीच्या दिशेने, एक बारीक खाच कोरली. खाच आरपार नव्हती, भिंतीचा थोडा भाग खाली शिल्लक राहील एवढीच खोल होती. भेग कुठून सुरू होणार हे अशा रीतीने आधीच ठरले. खाचेच्या आजूबाजूला, भिंत किती ताणली जाते ते मोजणारे स्ट्रेन गेज चिकटवले. नळी स्फोटनलिकेला जोडून, आतली हवा काढून, एथिलीन आणि ऑक्सिजन मोजून भरले आणि ठिणगी दिली. दाबाचे शिखर २ ते ६ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या वीस ते साठपट.

खाच आखूड असली तर नळी फक्त फुगून राही किंवा भेग थोडी सरकून थांबे. खाच जरा लांब केली की चित्र पालटे. भेग खाचेच्या दोन्ही टोकांकडून निघे, एक स्फोटाच्या दिशेने आणि एक उलट. दोन्ही भेगा आधी सरळ धावत आणि मग वळून नळीभोवती मळसूत्रासारख्या फिरत. कधी त्यांना फाटे फुटत. सर्वांत लांब खाचांच्या नळ्यांचे तुकडेच होत. डेटोनेशन सेकंदाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने केव्हाच पुढे निघून गेलेले असे आणि भेग सेकंदाला काहीशे मीटरच्या वेगाने मागून येत असे. म्हणजे भेग सुरू करणारा धक्का वेगळा आणि तिला पुढे रेटणारे बळ वेगळे. ते बळ म्हणजे मागे उरलेला तापलेला वायू. तो फाटलेल्या ओठांना बाहेर उलटवत राहतो आणि भिंतीत खेळणारे तरंग त्यात भर घालतात.

चाओने तसल्याच खाचा असलेल्या नळ्या स्फोटाऐवजी द्रव भरून, हळूहळू दाब चढवूनही फोडल्या. त्यांचे वागणे अगदीच निराळे होते. याचे कारण आपल्याकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ओळखीचे वाटेल. बॉयलर किंवा गॅसची टाकी नवी आली की तिची हायड्रोटेस्ट पाण्याने घेतात, हवेने घेत नाहीत. पाणी जवळपास दबत नाही, म्हणून त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. भेग किंचित उघडली की दाब कोसळतो आणि भेग थांबते. वायू मात्र दाबलेल्या स्प्रिंगच्या ताकदीने प्रसरण पावत भेगेच्या मागे लागतो. दोन्हींचा कमाल दाब सारखा असला तरी भेगेची लांबी सारखी येत नाही. वर्षानुवर्षे जो नियम सुरक्षिततेसाठी पाळला जातो, त्यामागचे कारण चाओच्या फाटलेल्या नळ्यांत हातात धरून पाहता येते.

काही नळ्यांना त्याने आधी पीळ दिला आणि पिळलेल्या स्थितीतच स्फोट केला, म्हणजे भेग कोणत्या बाजूला वळणार यावर ताबा ठेवता येईल. फाटलेल्या नळ्यांवरचे वाकडे मार्ग संगणकात अंकरूपाने उतरवून घेतले. हे अंक कॅलटेकच्या दुसऱ्या एका गटाला हवे होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने तिथे एक मोठे गणनकेंद्र चालत होते आणि वायूचा प्रवाह, भिंतीचे वाकणे आणि भेग हे तिन्ही एकाच गणितात सोडवण्याचा प्रयत्न तिथे सुरू होता. वायूची आज्ञावली नळीला दाब कळवते, नळीची आज्ञावली वायूला बदललेला आकार कळवते, आणि भेग उघडली की दोघांचेही क्षेत्र बदलते. राल्फ डायटरडिंग, फहमी चिराक आणि शॉन माउख यांनी हे साधले तेव्हा पडताळणीसाठी चाओच्या नळ्या समोर होत्या. असा निकष नसता तर संगणकावरची भेग खरी की नुसती सुंदर, हे कोणाला सांगता आले नसते.

हे काम चालू असतानाच त्याची निकड जगाला कळली. ७ नोव्हेंबर २००१ रोजी जपानच्या हामाओका अणुवीज केंद्राच्या पहिल्या संचात वाफेचा एक नळ फुटला. डिसेंबरात जर्मनीतल्या ब्रुन्सब्युटेल केंद्रात तसेच घडले. दोन्हीकडे किरणोत्सारामुळे पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन नळाच्या बंद टोकाशी साचले होते आणि त्यांचे डेटोनेशन झाले होते. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण जाड पोलादी नळाचे तुकडे झाले. अशा नळांत डेटोनेशन झालेच तर कोणता नळ टिकेल, कोणता नुसता फुगेल आणि कोणता फाटेल हे ठरवायला शेफर्ड यांची सूत्रे कामी येऊ लागली. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथल्या अणुकचरा प्रक्रिया प्रकल्पाच्या नळ्यांसाठी त्यांच्या गटाने वळणे, जोड आणि बंद टोके असलेल्या नळ्यांवर प्रयोग केले. सरळ नळीपेक्षा वळणावर आणि बंद टोकाशी बळ कितीतरी जास्त असते. स्फोट टोकावर आपटून परततो तेव्हा दाब अडीच पटींच्या आसपास उसळतो, आणि ज्योत टोकाजवळ येता येता तिचे डेटोनेशन झाले तर त्याहूनही वर जातो.

या इतिहासात भारतीय नावे ठिकठिकाणी येतात, त्यांची एकत्र नोंद करणे मला अगत्याचे वाटते. सतीश धवन यांनी गॅलसिटमध्ये हान्स लीपमन यांच्याकडे १९५१ मध्ये पीएच.डी. केली आणि बंगळुरूत येऊन एक पिढी घडवली. त्यांचे काम वायूंचे. भेगांच्या बाजूला एस. आर. वल्लुरी होते. गॅलसिटमध्ये त्यांनी धातूंच्या थकव्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून वाढत जाणाऱ्या भेगांवर, संशोधन केले आणि १९६५ पासून ते बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे संचालक होते. रविचंदर यांचा उल्लेख आलाच आहे. रोझाकिस यांच्या प्रयोगशाळेत हरीश टिपूर आणि श्रीधर कृष्णस्वामी यांनी अपारदर्शक धातूंतही भेगेच्या टोकाचा ताण प्रकाशाने वाचण्याची पद्धत घडवली. तिच्यामुळे खऱ्या धातूंतल्या भेगांच्या अभ्यासाला बळ मिळाले. आणि तिरुचिरापल्लीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले गुरुस्वामी रविचंद्रन २००९ ते २०१५ या काळात गॅलसिटचे संचालकच होते.

शेफर्ड यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट नेमाने केली आणि तिचे मोल मला फार वाटते. प्रयोगांचे अहवाल तिने कपाटात ठेवले नाहीत. चाओचा प्रबंध कॅलटेकच्या संग्रहात कोणालाही वाचता येतो. खाचेची मापे, मिश्रणाचा दाब, स्ट्रेन गेजच्या नोंदी आणि फाटलेल्या नळ्यांची छायाचित्रे सारे त्यात आहे. नळांतल्या हायड्रोजनची चिंता असलेला जपानमधला, जर्मनीतला किंवा तारापूरमधला अभियंता ते आकडे उघडून आपल्या नळाशी ताडून पाहू शकतो.